महायुद्धे आणि वऱ्हाडची पऱ्हाटी



२०२५ सालच्या कार्तिक महिन्यात दारव्हा तालुक्यातील एका गावी पारावर बसलो असता, पूर्वी माझ्या हाताखालून गेलेल्या एका तरुण शेतकऱ्याने मला विचारले, "गुरुजी, तिसरं महायुद्ध होईन काय जी?" विचारताना त्याची दृष्टी माझ्याकडे नव्हती, समोर उभ्या असलेल्या कापसाच्या गाडीकडे होती. त्यावरून माझ्या ध्यानात आले की, प्रश्नामागे कुतूहल नसून काळजी आहे. मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि जन्मभर लहान मुलांस इतिहास-भूगोल शिकविलेल्या मास्तराने बड्या राष्ट्रांच्या मनातले ओळखावे, ही अपेक्षा अंमळ जास्तच होय. तथापि मुत्सद्द्यांची खलबते मला ठाऊक नसली, तरी कापसाचा इतिहास थोडाबहुत ठाऊक आहे. आणि गेल्या दीडशे वर्षांत जगातील बलाढ्य राष्ट्रांचे जे जे कलह झाले, त्यांचा हिशेब ह्या एका पिकाने चोख लिहून ठेविला आहे. तोच आज आपणांपुढे वाचून दाखवितो.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यानंतर आठच वर्षांनी, १८६१ च्या एप्रिलात, अमेरिकेतील उत्तर व दक्षिण संस्थानांत यादवी जुंपली. दक्षिणेचा कापूस विलायतेस जाऊ नये म्हणून उत्तरेच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी केली, आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हा ज्या आखूड धाग्याच्या कापसाकडे इंग्रज गिरणीवाला नाक मुरडून पाहत असे, त्याच कापसास सोन्याचे मोल आले. आपल्या मालास लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' म्हणत. ते आपल्या उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचेच, परदेशी जिभेवर झिजलेले रूप होय. भाव कित्येक पटींनी चढले. मुंबईत प्रेमचंद रायचंदांसारख्यांनी समुद्र बुजविण्याच्या कंपन्या काढल्या आणि त्यांच्या भागांवर लोकांनी घरेदारे लाविली. पुढे १८६५ च्या एप्रिलात दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, आणि १ जुलै १८६५ रोजी मुंबईचा तो सारा फुगा फुटला.

मुंबईचे सट्टेबाज बुडाले, हे पुस्तकांत वाचावयास मिळते. वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. भाव उतरला तरी कापूस राहिला. कारण १८६७ त लोहमार्ग नागपुरापर्यंत पोहोचला होता, सावकाराचे कर्ज रोखीने फेडावयाचे होते आणि सरकारचा सारा रोखीने भरावयाचा होता. ज्वारीच्या रानात पऱ्हाटी शिरली ती पुन्हा निघाली नाही. पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला, तेव्हा जमीन काळीभोर असूनही कणगी रिती, असा देखावा ह्या मुलुखाने पाहिला. सातासमुद्रांपलीकडील युद्धाने आपल्या शेतातले पीक बदलले, ते असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ह्याच कापसासाठी यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी घातली गेली. तिलाच आपण लाडाने 'शकुंतला' म्हणत आलो. तिचे जुने वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरात घडविलेले होते आणि ते १९९४ पर्यंत धावले. कापूस ज्या गावी जावयाचा, त्याच गावचे इंजिन त्यास ओढावयास यावे, ह्याहून त्या काळच्या साम्राज्याचे सुबोध चित्र मी वर्गात दुसरे कोणते काढू शकलो नसतो! आता ती गाडीही बंद पडली आहे.

१९१४ च्या महायुद्धाची कथा थोडक्यात सांगतो. त्या काळी जर्मनी, ऑस्ट्रिया व बेल्जम ही आपल्या कापसाची मोठी गिऱ्हाइके होती. युद्धाचा पुकारा होताच ही दारे एका रात्रीत बंद झाली आणि भाव कोसळला. शेवटी शेवटी तो भडकला खरा. परंतु तोवर कापडाचा, मिठाचा आणि रॉकेलचाही भाव भडकला होता, आणि १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीने मध्यप्रांत-वऱ्हाडात घरेच्या घरे ओस पडली.

मला विशेष सांगावयाचे आहे ते जपानविषयी. पहिल्या युद्धानंतर आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक मँचेस्टर नव्हे, तर जपान होता. टोयो मेंका, गोशो ह्या जपानी कंपन्या राली व व्होल्कार्ट ह्या जुन्या युरोपीय पेढ्यांच्या बरोबरीने हिंदुस्थानात खरेदी करीत. जपानने आपला कापूस न्यावा आणि त्याचे स्वस्त कापड परत आपल्याच बाजारात आणून विकावे, असे चालले होते. त्यामुळे मुंबईच्या गिरण्या आणि लँकेशायर दोघेही त्रस्त झाले. जून १९३३ मध्ये सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात शेकडा ७५ पर्यंत वाढविली. त्यावर जपानी गिरणीवाल्यांनी काय करावे? त्यांनी हिंदी कापूस घेणेच बंद केले. भांडण गिरणीवाल्यांचे, आणि काठी पडली कास्तकाराच्या पाठीत.

वाटाघाटींनंतर जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली. जपानने वर्षाकाठी दहा लक्ष गाठी घ्याव्या आणि त्याबदल्यात साडेबत्तीस कोटी वार कापड आणावे. पंधरा लक्ष गाठी घेतल्यास चाळीस कोटी वारांपर्यंत आणावे, असे ठरले. ह्या कराराकडे पाहून कोणीही शहाण्या माणसाने म्हटले असते की, ज्यांचे धोतर आणि पऱ्हाटी अशी एकमेकांत गुंतली आहेत, ते आपसांत लढणार कसे? परंतु सातच वर्षे गेली. जपानने चीनवर घातलेली धाड इंडोचीनपर्यंत पोहोचली, तेव्हा जुलै १९४१ मध्ये अमेरिकेने व ब्रिटिश साम्राज्याने जपानची येणी-ठेवी गोठविली. कापसाची बोटे थांबली. जपानच्या तेलाचा बहुतेक पुरवठा अमेरिकेतून होई, तोही तुटला; आणि डिसेंबरात पर्ल हार्बरवर बाँब पडले.

माझे आजोबा त्या हंगामाची गोष्ट सांगत. जिनाच्या आवारात गाठींच्या थप्प्या पडून होत्या आणि आडत्या गाडीकडे ढुंकूनही पाहत नव्हता. "पोरा, जपान कुठं हाय ते मले तवा समजलं," असे ते म्हणत. मी नकाशावर शाळेत शिकलो, ते आजोबा मोकळ्या हातांनी परत येताना शिकले. ह्या आपत्तीवर सरकारने १९४२ च्या आरंभी एक उपाय योजिला. परदेशातून येणाऱ्या कापसावर रत्तलामागे एक आणा जादा जकात बसविली आणि ते उत्पन्न आखूड धाग्याचा कापूस पिकविणाऱ्यांच्या साहाय्यार्थ निराळे काढून ठेविले. परक्या सरकारने, तेही युद्धाच्या धामधुमीत, हे केले, हे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी ती जागा सोडली.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. युद्ध होणारच नाही असे म्हणणारे व्यापाराकडे बोट दाखवितात. पहिल्या महायुद्धापूर्वी नॉर्मन एंजल नावाच्या इंग्रज लेखकाने, आधुनिक राष्ट्रांना युद्धात जिंकूनही लाभ नाही, असे साधार दाखविले होते. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. लाभ कोणासच झाला नाही. पण लाभ नाही म्हणून लोक लढावयाचे थांबत नाहीत, हे १९१४ ने दाखविले. मला तर जपानच्या उदाहरणावरून असे वाटते की, दुसऱ्यावर अवलंबून असण्याने मैत्री जितकी वाढते, तितकेच भयही वाढते. तेल उद्या बंद होईल, ह्या भयानेच जपान तलवारीकडे वळला.

उलट, युद्ध अटळ आहे असे म्हणणाऱ्यांचेही मी ऐकत नाही. वाढते राष्ट्र आणि उतरते राष्ट्र लढतातच, असा नेम नाही. १८९५ त व्हेनेझुएलाच्या सीमेवरून अमेरिका व इंग्लंड ह्यांत चांगलीच बाचाबाची झाली. तरी प्रकरण लवादाकडे गेले आणि पुढे इंग्लंडने आपले थोरलेपण हळूहळू, एकमेकांशी न लढता, अमेरिकेच्या हाती जाऊ दिले. शिवाय १९४५ पासून अणुबाँबचा धाक आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबाच्या प्रकरणी जग कडेलोटाच्या टोकापर्यंत जाऊन परतले. मात्र हा धाक माणसांच्या सावधपणावर टेकलेला आहे, आणि सावधपणाचे करार कायमचे नसतात. अमेरिका व रशिया ह्यांच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या शेवटच्या कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. म्हणून, थेट महायुद्धाचा संभव थोडा, परंतु मागच्या पिढीच्या मानाने अधिक, एवढेच मी म्हणेन. तैवानच्या समुद्रात काय होईल, हे सांगणारा ज्योतिषी मी नव्हे.

परंतु त्या तरुणास मी जे सांगितले ते निराळेच होते. बाबा, तुझ्यापुरते ते युद्ध तोफा न वाजताच येत असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. पोटॅश आपण जवळजवळ सगळे बाहेरून आणतो, आणि रशिया व बेलारूस त्याचे मोठे पुरवठादार. तेव्हा खताच्या पोत्याची चिंता येथे यवतमाळात सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने हिंदी मालावर शेकडा ५० जकात बसविली, आणि तीतील निम्मी रशियाचे तेल घेतल्याबद्दल दंड म्हणून होती. कापड-धंद्यास आधार म्हणून आपल्या सरकारने त्याच महिन्यात परदेशी कापसावरील शेकडा ११ आयात-कर काढून टाकला, आणि ती सूट पुढे वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत नेली. म्हणजे ऐन वेचणीचा काळ! १९४२ साली जकात चढविली होती, ती येथे उतरविली. कापड विणणाऱ्यांचाही जीव आहे, हे मी नाकारीत नाही. पण रशिया, अमेरिका आणि तेल ह्या तिघांच्या भांडणात दारव्ह्याचा कास्तकार कोणत्या पक्षात होता, हे मला कोणी समजावून सांगावे.

त्याने माझे सगळे ऐकून घेतले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. गाडीतल्या कापसास व्यापाऱ्याने सकाळी त्याहून बराच कमी भाव सांगितला होता. "मंग गुरुजी, आज इकू का थांबू?" त्याने विचारले. सरकारी खरेदीच्या केंद्रावर नाव नोंदविले आहेस काय, असे मी विचारले, तेव्हा नोंदविले आहे पण पाळी आली नाही, असे तो म्हणाला. आम्ही दोघे उठलो आणि त्याच्या भ्रमणध्वनीवर पाळीचा दिवस पाहू लागलो.