शुद्धिपत्रक की नवी आवृत्ती?

पाठ्यपुस्तकात चूक सापडली तर दोन मार्ग असतात. शुद्धिपत्रक छापून जुन्याच प्रतीत चिकटवायचं, नाहीतर नवी आवृत्ती काढायची. पण वर्षाच्या मध्यावर नवी आवृत्ती आली, धडे पुढेमागे झाले, तर वर्गात काय गोंधळ उडेल? संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्येही हाच पेच येतो. त्यातून एका ब्राउझरचं नावच बदललं गेलं, त्याची ही हकिकत.

लिनक्सवर आधारलेली 'डेबियन' ही प्रणाली इयन मर्डॉक यांनी 1993 साली सुरू केली. तिच्यातलं सॉफ्टवेअर 'पॅकेज'च्या रूपात येतं. एका पॅकेजला दुसरी चार लागतात, त्या चारांना आणखी काही. हे सगळं हातानं जुळवणं जिकिरीचं. 1999च्या मार्चमधल्या डेबियन 2.1 बरोबर 'ॲप्ट' आलं आणि ते काम संगणकच करू लागला. (इथे पुष्कळांची गफलत होते. 'अपडेट' ही आज्ञा फक्त यादी ताजी करते. पॅकेजं बदलतात ती 'अपग्रेड'नं.)

डेबियनची स्थिर आवृत्ती बाहेर पडली, की तिच्यात नव्या सोयी घालायच्या नाहीत. गंभीर चुका आणि सुरक्षेतली छिद्रं तेवढी बुजवायची. म्हणजे शुद्धिपत्रकच. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा रस्ता वेगळा होता: काही काळानं जुन्या आवृत्तीची देखभाल बंद. मग डेबियनचे स्वयंसेवक नव्या आवृत्तीतली दुरुस्ती शोधून ती जुनीत बसवत. काम नाजूक, कारण ब्राउझर दिवसभर परक्यांनी पाठवलेला मजकूर उघडत असतो. तिथे एक छिद्र राहिलं तरी पुरतं.

2006 साली मोझिलानं सांगितलं, आमचं नाव वापरायचं तर बदल आम्हाला दाखवून घ्या, बोधचिन्हही आमचंच लावा. आपल्या नावावर दुसऱ्याचं ठिगळ नको, हे म्हणणं आम्हाला गैर वाटत नाही. पण बोधचिन्हाचा परवाना डेबियनच्या मुक्ततेच्या नियमांत बसेना, आणि प्रत्येक ठिगळासाठी परवानगीची वाट पाहणंही शक्य नव्हतं. डेबियननं नाव बदललं: आगीच्या जागी बर्फ, कोल्ह्याच्या जागी मुंगसासारखा दिसणारा वीझल. एप्रिल 2007च्या डेबियन 4.0 मध्ये 'आइसवीझल' आला.

2011 पासून मात्र फायरफॉक्सची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येऊ लागली. ठिगळं पुरेनात. जानेवारी 2012 मध्ये मोझिलानं सुमारे वर्षभर देखभाल होणारी 'ईएसआर' आवृत्ती काढली, आणि 2013 पासून स्थिर डेबियनमध्ये तीच येऊ लागली. ब्राउझरपुरतं तरी डेबियननं शुद्धिपत्रक सोडलं. नावाचा तंटा 2016 मध्ये मिटला. डेबियन 8 वापरणाऱ्यांनी अपग्रेड केलं, तेव्हा आइसवीझलच्या जागी फायरफॉक्स येऊन बसला.