सर्व्हर आणि दूरची डिस्क : एका जोडणीचा इतिहास

आयबीएमने १९५६ साली ३०५ रॅमॅक या संगणकाबरोबर ३५० क्रमांकाचे डिस्क युनिट बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि ५० लाख अक्षरे मावत. कोणता संगणक कोणत्या डिस्कशी बोलणार, हा प्रश्न तेव्हा उद्भवतच नव्हता. तो उभा राहिला १९६४ च्या सिस्टिम/३६० पासून. या मालिकेत डिस्क थेट प्रोसेसरला न जोडता चॅनेल आणि कंट्रोल युनिट यांच्यामार्फत जोडली जाई. उपकरणाचा पत्ता तीन षोडशमान अंकांचा असे : पहिला अंक चॅनेलचा, पुढच्या दोनांत कंट्रोल युनिट आणि त्यामागचे उपकरण. पत्त्यांची यादी ऑपरेटिंग सिस्टिम तयार करतानाच, म्हणजे ‘सिस्जेन’च्या वेळी, तिच्यात घालावी लागे. नवे उपकरण आले की ‘सिस्जेन’चा निदान काही भाग पुन्हा करायचा, आणि तेवढा वेळ यंत्र वापराविना राही.

काम कंटाळवाणे होते, पण व्यवहार उघड होता. एकच डिस्क दोन संगणक वापरू शकतात हे मेनफ्रेमला ठाऊक होते; डिस्क काही काळ आपल्यापुरती राखून ठेवण्याची सोय ओएस/३६० मध्येच होती. पुढे आलेल्या छोट्या सर्व्हरनी नेमके हेच गृहीत सोडून दिले. समोर दिसणारी डिस्क आपली, आपल्या एकट्याची आणि हाताच्या अंतरावरची, असे ते मानून चालले. आज स्टोरेज-प्रशासकाला ज्या सेटिंग बदलाव्या लागतात, त्यांतील बहुतेक या समजुतीवरच्या दुरुस्त्या आहेत.

समजुतीचे मूळ स्कझीत आहे. शुगार्ट असोसिएट्सच्या ‘सासी’ या जोडणीतून वाढलेले हे मानक अमेरिकेच्या एएनएसआय संस्थेने १९८६ मध्ये मान्य केले. एका केबलवर ८ क्रमांक, ० ते ७. त्यांतला ७ बहुधा सर्व्हरच्या कार्डाचा. क्रमांक डिस्कवरच्या जंपरने ठरे, केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लागे आणि साध्या स्कझीची केबल ६ मीटरपेक्षा लांब चालत नसे. सोलॅरिसमध्ये डिस्कचे नाव ‘सी०टी३डी०’ अशा घाटाचे असे : कंट्रोलर ०, टार्गेट ३, डिस्क ०. नाव वाचले की डिस्क कोठे लावली आहे ते कळे. टार्गेटच्या पोटात आणखी लहान क्रमांकांची, म्हणजे लनची, तरतूद होती. साध्या डिस्कला एकच लन पुरे, म्हणून पुष्कळ ड्रायव्हर शून्याच्या पुढे पाहतच नसत.

१९९० मध्ये ईएमसीने मेनफ्रेमसाठी सिमेट्रिक्स आणले. अनेक छोट्या डिस्क एकत्र करून मोठ्या डिस्कचा आभास निर्माण करणारे असे अ‍ॅरे त्याच दशकात युनिक्स आणि विंडोज सर्व्हरनाही जोडले जाऊ लागले. फायबर चॅनेलचे मूळ मानक १९९४ चे. त्यामुळे ६ मीटरची मर्यादा किलोमीटरवर गेली आणि मधे स्विच आला. ‘सॅन’ म्हणतात ते हेच जाळे. त्यातून वाहत मात्र होत्या त्याच जुन्या स्कझी आज्ञा.

पहिला घोळ ओळखीचा झाला. जाळ्यात जंपर नसतो. स्विच देतो तो २४ बिटांचा पत्ता पोर्ट बदलला की बदलतो. कार्डाला कारखान्यातच मिळणारे ६४ बिटांचे वर्ल्ड वाइड नेम तेवढे टिकाऊ. सर्व्हरला मात्र टार्गेट क्रमांकच समजत. म्हणून एम्युलेक्स, क्यूलॉजिक यांच्या ड्रायव्हरच्या फाइलमध्ये ‘अमुक नाव म्हणजे टार्गेट ४’ असे लिहून ठेवावे लागे. याला पर्सिस्टंट बाइंडिंग म्हणत. सोलॅरिसच्या ‘एसडी.कॉन्फ’ फाइलमध्ये त्याशिवाय प्रत्येक टार्गेट आणि लनच्या जोडीची स्वतंत्र ओळ घालून यंत्र रीकॉन्फिगर बूट करायचे. लिनक्सच्या २.४ कर्नेलमध्ये तपासायच्या लनची कमाल संख्या मोड्यूलच्या फाइलमध्ये वाढवायची आणि बूटसाठीची इनिटआरडी प्रतिमा पुन्हा बांधायची. हे दुसरे काम राहिले की पहिल्याचा उपयोग शून्य.

दुसरा घोळ मालकीचा, आणि तो जास्त धोक्याचा. विंडोज एनटीचे डिस्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अनोळखी डिस्क दिसताच तिच्यावर आपली सही लिहिण्याची परवानगी मागे. ती डिस्क शेजारच्या युनिक्स सर्व्हरची असू शकेल ही शंका त्याच्या रचनेतच नव्हती. म्हणून दोन कुंपणे आली : कोण कोणाला पाहील हे स्विचवर ठरवणारे झोनिंग, आणि कोणती लन कोणाला दाखवायची हे बहुधा अ‍ॅरेवर ठरवणारे मास्किंग. सर्व्हरला शहाणे करण्याऐवजी त्याची नजरच आखूड करण्याचा हा तोडगा टिकाऊ ठरला.

आकड्यांची कथा याच चालीची. सोलॅरिसचा ड्रायव्हर एका लनकडे एका वेळी २५६ आज्ञा पाठवू शके. अ‍ॅरेच्या एका पोर्टची रांग २,०४८ आज्ञांची धरली, तर एकाच सर्व्हरच्या ८ लन ती भरून टाकतील. वाटेकरी सर्व्हर मात्र अनेक असतात. त्यामुळे ही मर्यादा ठरवणाऱ्या ‘एसडी_मॅक्स_थ्रॉटल’ची किंमत खाली आणावी लागे. टाइमआउट मात्र उलट वाढवावा लागे. लिनक्समध्ये तो मुळात ३० सेकंदांचा असतो. शेजारची डिस्क इतका वेळ गप्प राहिली तर ती बिघडली असे धरायला हरकत नाही. पण अ‍ॅरेचा एक कंट्रोलर पडून दुसऱ्याने काम हाती घेईपर्यंत याहून जास्त वेळ जाऊ शकतो. व्हीएमवेअरच्या आभासी यंत्रांतील लिनक्ससाठी तर हा आकडा १८० सेकंदांवर नेला गेला.

सर्वांत चमत्कारिक आकडा ६३. डॉसच्या काळापासून डिस्कच्या एका ट्रॅकवर ६३ सेक्टर धरले जात आणि पहिला ट्रॅक मोकळा सोडून विभाग सुरू होई. आतल्या तबकड्यांची खरी रचना तशी उरलीच नव्हती. हिशेब निव्वळ कागदी होता. तरी त्यामुळे विभाग ३१.५ किलोबाइटवर सुरू होई, अ‍ॅरेचे तुकडे ६४ किलोबाइटचे असले तर सीमा जुळत नसत आणि कित्येक वाचने-लिहिणी एकाऐवजी दोन तुकड्यांवर पडत. डिस्कपार्टमध्ये अलाइनमेंट हाताने देणे हा विंडोज सर्व्हर २००३ च्या काळातला नित्यपाठ होता. २००८ च्या आवृत्तीपासून विभाग आपोआप १ मेगाबाइटवर सुरू होऊ लागला.

सुरक्षिततेसाठी दोन कार्डे आणि दोन स्विच घातले, की तीच लन सर्व्हरला चार वेळा दिसे आणि तो चार डिस्क मोजे. ही चार नावे एकत्र बांधण्यासाठी ईएमसीचे पॉवरपाथ, व्हेरिटासचे डीएमपी आणि नंतर लिनक्सचे डीएम-मल्टिपाथ आले. व्हेरिटासच्या विकासकामाचे एक मोठे केंद्र पुण्यात होते, त्यामुळे ही भाषा तिथल्या अभियंत्यांना चांगलीच परिचित आहे. काही अ‍ॅरेंत दोनपैकी एकच कंट्रोलर लन चालवी. दुसऱ्या वाटेने गेलेली आज्ञा परत फिरे किंवा लनची मालकीच इकडून तिकडे उडे. कोणती वाट चांगली हे अ‍ॅरेनेच सांगावे, अशी ‘अलुआ’ ही पद्धत पुढे स्कझी मानकात आली, तेव्हा हाताने लिहायच्या नोंदी बऱ्याच कमी झाल्या.

आयस्कझीचे मानक २००४ मध्ये आले आणि साध्या इथरनेटवरून तेच काम होऊ लागले. कार्डाच्या नावाऐवजी सर्व्हरला ‘आयक्यूएन’ने सुरू होणारे मजकुरी नाव मिळाले. २०१६ च्या एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्सने तर स्कझी आज्ञाच बाजूला सारल्या, एका रांगेऐवजी हजारो रांगांची सोय केली आणि अनेक वाटांचा विचार लिनक्सच्या ड्रायव्हरमध्येच सामावला. टाइमआउट मात्र इथेही राहिलाच : जोडणी तुटल्यावर लिनक्स मुळात ६०० सेकंद ती परत जुळवण्याचा प्रयत्न करतो, आणि हा आकडा आजही अ‍ॅरेच्या शिफारशीनुसार बदलावा लागू शकतो.