अमानत आणि मार्शल बेटे

अमानत हा शब्द आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडतो. दुसऱ्याची वस्तू सांभाळायची आणि जशीच्या तशी परत करायची. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांचा इतिहास वाचताना मला हा शब्द पुन्हा पुन्हा आठवला.

ही बेटे आधी जर्मनीच्या, १९१४ पासून जपानच्या आणि १९४४ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात गेली. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकी लष्करी गव्हर्नर बेन वायट रविवारच्या प्रार्थनेनंतर बिकिनीच्या लोकांना भेटले. मानवजातीच्या भल्यासाठी बेट काही काळ सोडा, असे सांगताना त्यांनी दाखला दिला बनी इस्राईलचा! हजरत मूसांनी आपल्या लोकांना फिरऔनच्या जुलमातून सोडवले होते. इथे मात्र १६७ माणसांना स्वतःचेच घर सोडावे लागले. पुढे काही कुटुंबे परतली, पण १९७८ मध्ये त्यांना पुन्हा हलवावे लागले.

१९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ही बेटे 'विश्वस्त प्रदेश' म्हणून अमेरिकेकडे सोपवली. ही अमानतच होती. रहिवाशांची जमीन आणि आरोग्य जपायचे, त्यांना स्वशासनाकडे न्यायचे, असे करारात लिहिले होते. प्रत्यक्षात १९४६ ते १९५८ या काळात तिथे ६७ अणुचाचण्या झाल्या. १ मार्च १९५४ च्या स्फोटाची किरणोत्सारी राख राँगेलाप बेटावरच्या माणसांवर पडली. पुढच्याच महिन्यात मार्शल लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला, चाचण्या थांबवा. त्या आणखी चार वर्षे चालल्या.

१ मे १९७९ रोजी त्यांची राज्यघटना लागू झाली. अमाता काबुआ पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९८६ च्या कराराने स्वातंत्र्य आले, पण संरक्षणाचा अधिकार अमेरिकेकडेच राहिला. क्वाजालीनचा क्षेपणास्त्र तळही राहिला. चाचण्यांच्या भरपाईसाठी १५ कोटी डॉलरचा निधी मिळाला, त्या बदल्यात अमेरिकी न्यायालयांची दारे बंद झाली. १९९० मध्ये सुरक्षा परिषदेने विश्वस्त व्यवस्था संपवली, १९९१ मध्ये हा देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला.

२०१४ मध्ये याच छोट्या देशाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध दावे दाखल केले. त्यातले भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनविरुद्धचे दावे पुढे चालले. मागणी पैशाची नव्हती, निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींची होती. २०१६ मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तेही फेटाळले.

ज्यांच्या अमानतीत खयानत झाली, त्यांनी मिळालेले स्वातंत्र्य सगळ्या जगाच्या सुरक्षेसाठी वापरले. त्या दाव्यात आपला देशही प्रतिवादी होता, हे आपण विसरू नये.