टोबरमोरी: रंगीत घरं आणि मुंबईचा पैसा

टोबरमोरीचा फोटो तुम्ही कुठेतरी नक्की पाहिला असणार. निळंशार पाणी, शिडाच्या होड्या, आणि काठाला लाल, पिवळ्या, निळ्या, गुलाबी घरांची एक ओळ. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मल् बेटावरचं हे बंदर. (मराठी माणसाला बेटाचं नाव घेताना जरा अवघडल्यासारखं होतं, पण इलाज नाही.) ओबानहून फेरीने पाऊण-एक तासात क्रेगन्युअर, तिथून बस. बीबीसीची 'बॅलमोरी' ही लहान मुलांची मालिका २००२ पासून इथल्याच घरांच्या जिवावर गाजली.

गाव बघताना वाटतं की कोळ्यांची जुनी वस्ती हळूहळू वाढत गेली असेल. तसं अजिबात नाही. हे चक्क कागदावर आखलेलं गाव आहे. ब्रिटिश फिशरीज सोसायटी नावाची कंपनी १७८६ साली निघाली आणि १७८८ मध्ये तिने हेरिंग मासेमारीसाठी टोबरमोरी वसवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर डिझाईन उत्तम, रिक्वायरमेंटमध्ये घोळ! बंदर सुरक्षित होतं, पण हेरिंगचे थवे जिथे मिळायचे ती जागा लांब. त्यामुळे मासेमारी फारशी बहरली नाही, गाव टिकलं ते व्यापारावर. १५८८ मध्ये याच खाडीत स्फोट होऊन एक स्पॅनिश जहाज बुडालं, त्यातलं सोनं लोक पुढे शतकानुशतकं शोधत राहिले. बहुतेक प्रवासवर्णनं त्या सोन्यावरच थांबतात. मला जास्त रस वाटला तो बेटावर खरोखर आलेल्या पैशात.

कारण तो पैसा आपल्याकडून गेला होता.

मल्ला खेटून उल्वा नावाचं छोटं बेट आहे. तिथे १७६२ साली लॅकलन मॅक्वारी जन्मला. घरची गरिबी, म्हणून लष्करात भरती. १७८८ मध्ये, म्हणजे टोबरमोरी उभं राहत होतं त्याच वर्षी, हा ७७व्या पलटणीबरोबर मुंबईत उतरला. टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणला लढला, १७९९ च्या शेवटच्या वेढ्यातही होता. १७९३ मध्ये मुंबईतच त्याने जेन जार्विसशी लग्न केलं. ती अँटिग्वाची, म्हणजे ऊस आणि गुलामांच्या बेटावरची. तीन वर्षांत क्षयाने ती मकावला गेली. याने तिचं शव मुंबईला आणून पुरलं. पुढे भारतातल्या कमाईवर त्याने मल्वर जमीन घेतली आणि तिला नाव दिलं 'जार्विसफील्ड'.

इथपर्यंत गोष्ट हळवी आहे. पण १७९५ साली याच माणसाने कोचीनहून दोन लहान मुलं गुलाम म्हणून विकत घेतली होती. त्यातला एक, ज्याचं नाव त्याने जॉर्ज जार्विस ठेवलं, आयुष्यभर त्याच्याबरोबर फिरला. भारत, लंडन, सिडनी आणि शेवटी मल्. त्या पोराचं मूळ नाव काय होतं, घरी आई कुठल्या भाषेत हाक मारायची, याची कुणी नोंद करून ठेवली नाही.

मॅक्वारी १८१० मध्ये न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला. शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्यांना त्याने मानाने वागवलं, हे मोठंच काम. पण १८१६ मध्ये मूळ रहिवाशांवर फौज पाठवली तीही त्यानेच. मारलेल्यांची प्रेतं झाडांना लटकवा, असा हुकूम होता. ॲपिनच्या कत्तलीत किमान चौदा माणसं गेली. मल्वर ग्रुलिनला त्याची समाधी आहे, 'ऑस्ट्रेलियाचा जनक' अशा थाटाची.

आणि त्याच्या गावाचं काय झालं? १८२१ साली मल्वर दहा हजारांच्या वर लोक होते, आज तीन हजारांच्या आसपास. समुद्री शेवाळ जाळून क्षार काढायचा धंदा बुडाला, १८४६ मध्ये बटाट्याला रोग पडला, आणि जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या परवडू लागल्या. उल्वा तोवर मॅक्वारींच्या हातून गेलं होतं. फ्रान्सिस क्लार्क नावाच्या नव्या मालकाने १८४६ नंतरच्या पाचेक वर्षांत बहुतेक वस्ती हुसकावून लावली. घरांच्या छपराविना भिंती अजून उभ्या आहेत. ज्याला आपण 'काय निवांत निसर्ग आहे' म्हणून फोटो काढतो, ती बऱ्याच ठिकाणी रिकामी केलेली गावं आहेत. मला तरी ते कळल्यावर हिरवळीकडे पूर्वीसारखं बघता आलं नाही.

२०१८ मध्ये स्थानिक लोकांनी सरकारी मदतीने उल्वा विकत घेतलं, तेव्हा तिथे मोजकी पाच-सहा माणसं उरली होती. आता पुन्हा कुटुंबं राहायला यावीत म्हणून जुनी घरं दुरुस्त करताहेत. टोबरमोरीला गेलात तर एक दिवस काढून तिकडे जाच. पण होडीच्या वेळा आधी बघून ठेवा. मल्च्या धक्क्यावर एक पाटी आहे, तिची फळी सरकवायची. मागचा लाल चौकोन दिसला की पलीकडून नावाडी येतो.