भूकंपाचा धोका : पायाखालची माती

केंद्रापासून अंतर वाढले की भूकंपाचा हादरा क्षीण होतो, हा समज १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीत खोटा ठरला. पॅसिफिक किनाऱ्यावरील सुमारे ८ तीव्रतेच्या भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होते. तरीही शहरात हजारो माणसे दगावली. मुख्य हानी झाली ती आटलेल्या सरोवराच्या मऊ चिकणमातीवर. शहराच्याच खडकाळ भागाला फारशी झळ पोहोचली नाही.

म्हणूनच एखाद्या जागेचा धोका ठरविताना आधी परिसरातील प्रस्तरभंग व जुने भूकंप यांवरून खडकावरील हादऱ्याचा अंदाज बांधतात. मग वरची माती तो किती वाढवील, हे पाहतात. त्यासाठी विंधनछिद्रे घेऊन थराची जाडी आणि त्यातील कर्तन-लहरींचा वेग मोजला जातो. जाडीच्या चौपटीला वेगाने भागले की थराचा आंदोलनकाळ मिळतो. जाडी ४० मीटर व वेग सेकंदाला ८० मीटर असल्यास तो २ सेकंद येतो. मेक्सिको सिटीतील सर्वाधिक हानीच्या भागात जमीन साधारण याच लयीत डोलली. सहा ते पंधरा मजली इमारतींना तिने सर्वाधिक ग्रासले. अनेक जुनी बैठी घरे मात्र तगली.

भूकंपप्रवण क्षेत्रांच्या राष्ट्रीय नकाशात एवढा बारकावा मावत नाही. त्यात मलबार हिलचा कातळ आणि मुंबईतील खाड्या बुजवून केलेला भराव एकाच रंगात रंगतात.