गुग्गुळ : ग्रंथापासून प्रयोगशाळेपर्यंत

तिन्हीसांजेला निखाऱ्यावर गुग्गुळाचा धूप घालण्याची रीत आपल्या जुन्या घरांतून अजूनही कोठे कोठे टिकून आहे. कच्छ, राजस्थान आणि ग्वाल्हेरच्या उत्तरेकडील चंबळचे खोरे येथल्या रुक्ष भूमीत वाढणाऱ्या काटेरी झुडपाचा हा डिंक. त्याच्या सुगंधापासून रोग दूर राहतात, असे अथर्ववेद सांगतो. सुश्रुतसंहितेने त्याची गणना स्थौल्यावरील औषधांत केली आहे. येथवरचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्यापुढचा इतिहास मात्र सहसा सांगितला जात नाही.

सुश्रुताने वर्णिलेला मेदोरोग आणि रक्तवाहिन्यांत मेद साचण्याचा आधुनिक विकार यांतील साम्य बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधिका जी. व्ही. सत्यवती यांच्या लक्षात आले. कोलेस्टेरॉलयुक्त आहारावर ठेवलेल्या सशांना त्यांनी गुग्गुळ दिला, तेव्हा रक्तातील कोलेस्टेरॉल उतरलेले आढळले. १९६६ चा त्यांचा प्रबंध या संशोधनाचा पाया ठरला. १९७२ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या डिंकातील 'गुग्गुलस्टेरोन' या द्रव्यांविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या 'गुग्गुलिपिड' या अर्काला १९८६ मध्ये भारतात मान्यता मिळाली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२५ रुग्णांचे कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्क्यांनी उतरल्याची नोंद आहे.

कथा येथेच संपती, तर ती मोठी सुखद झाली असती. परंतु २००३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १०३ व्यक्तींवरील आठ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरौषधी गोळी घेणाऱ्यांचे घातक एलडीएल कोलेस्टेरॉल पाच टक्क्यांनी घटले; गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचे मात्र चार ते पाच टक्क्यांनी वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

या निष्कर्षाने सुश्रुत खोटा ठरला काय? तसे मानण्याचे कारण नाही. त्याने स्थूलतेविषयी लिहिले. कोलेस्टेरॉल त्याच्या काळी कोणी मोजत नव्हते. प्राचीन ग्रंथाने एक विचारण्याजोगा प्रश्न आपल्या हाती दिला. त्याचे उत्तर शोधण्याची जबाबदारी आपली होती, आणि ती सत्यवतींनी ओळखली. 'निसर्ग विरुद्ध रसायन' हा वादही येथे गैरलागू आहे. १९८७ साली अमेरिकेत मान्यता पावलेले लोव्हास्टॅटिन हेसुद्धा एका बुरशीपासूनच लाभले. त्या वर्गातील औषधे सहस्रावधी रुग्णांवरील कसोट्यांना उतरली. गुग्गुळ अद्याप तसा उतरलेला नाही. म्हणून केवळ परंपरेवर विसंबून डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करणे हा परंपरेचा गौरव नव्हे.

या कथेत आणखी एक हानी आहे, आणि तिच्याविषयी मतभेदाला जागा नाही. अधिक डिंकाच्या लोभाने खोडावर वारंवार खोल घाव घातले जातात आणि झुडूप वाळून जाते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत २०१५ पासून गुग्गुळाची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे. औषध म्हणून त्याचे मोल ठरण्यापूर्वीच तो नाहीसा झाला, तर प्रश्नही गेला आणि उत्तरही गेले, असे होईल. मग पुढच्या पिढीला देवघरातला तो गंध तरी कोठून दाखवावा?