वेळापूरचा धावा

आषाढवारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसचा मुक्काम हलवून वेळापूरकडे निघते. वाटेत खुडूसचे रिंगण होते. पुढे वेळापूरच्या अलीकडे एका उतारावर वारकरी एकदम पळत सुटतात. हाच धावा. तुकाराम महाराजांना इथून पंढरपूरचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी परंपरा आहे.

अशा जागा इतरत्रही आहेत. 1099 मध्ये युरोपातून आलेल्या धर्मयोद्ध्यांनी जेरुसलेम जिथून प्रथम पाहिले, त्या टेकडीला त्यांनी 'आनंदाची टेकडी' म्हटले. स्पेनमधील सांतियागोच्या अलीकडे, सुमारे 5 किलोमीटरवरील टेकडीचे नावही याच अर्थाचे आहे. तीर्थाइतकीच त्याच्या पहिल्या दर्शनाची जागाही यात्रेकरूंना पवित्र वाटते.

पण वेळापूरहून पंढरपूर सरळ रेषेत सुमारे 30 किलोमीटर आहे. 'इथून कळस खरंच दिसतो का?' असे मुलांनी विचारले, तर त्यांना गप्प बसवू नये. आपण गणितच करू.

उंचीच्या (मीटर) वर्गमुळाला 3.57 ने गुणले, की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. सपाटीपासून 30 मीटर उंचीवरून ते साडेएकोणीस किलोमीटर येते. समोरच्या 9 मीटर उंच शिखरामुळे त्यात पावणेअकरा किलोमीटरची भर पडते. म्हणजे मध्ये झाडी वा चढ नसेल, तर पृथ्वीची गोलाई आड येत नाही. मात्र निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढाच बारकावा कळतो. 30 किलोमीटरवर तो जवळपास 9 मीटर होतो. त्यामुळे कळसाचा आकार ओळखता येणार नाही. उन्हात चकाकणारा बिंदू मात्र दिसू शकेल. ताऱ्यांचा आकार तरी आपल्याला कुठे दिसतो?

इतिहासाचा प्रश्न वेगळा. वेळापूरच्या मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातील शिलालेख आहेत. त्यांपैकी एक शके 1222 चा, म्हणजे इ.स. 1300 चा. परंपरेच्या बाजूने असा दगड उभा नाही. दरवर्षी पळणारी माणसे हीच तिची साक्ष. तुकाराम महाराजांनी नेमके काय पाहिले, ते या साक्षीवरून ठरत नाही. आळंदीपासून पायी आलेल्या माणसांना इथे पंढरी जवळ आल्याचा आनंद होतो, एवढे निश्चित कळते.

गणित केलेल्या मुलालाही त्या उतारावर धावावेसे वाटेल. त्याला अडवण्याचे कारण नाही.